लॉगिन झालं, पुढे काय? वेब सर्व्हरला ओळख आणि परवानगीचं मिडलवेअर बसवताना

सोसायटीची मेंटेनन्सची बिलं सभासदांना घरबसल्या दिसावीत म्हणून मी एक छोटा वेब सर्व्हर लिहिला होता. लॉगिन होतं, पासवर्ड हॅश केलेले, म्हणजे उलटे फिरवता न येणाऱ्या रूपात साठवलेले होते, ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्हही झळकत होतं. तिसऱ्याच दिवशी एका सभासदाने पत्त्याच्या पट्टीत बिल क्रमांक ३०२ खोडून ३०३ टाकला आणि शेजाऱ्यांची चौदा महिन्यांची थकबाकी त्याच्यासमोर उलगडली. पुढच्या वार्षिक सभेत ती आकड्यांसकट वाचून दाखवली गेली. त्यानंतर काय झालं हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

यात कुणाचा पासवर्ड चोरीला गेला नव्हता. तो सभासद स्वतःच्याच नावाने, रीतसर आत आला होता. सर्व्हरने त्याला 'तुम्ही कोण' एवढं विचारलं. 'हे बिल तुमचं आहे का' हे विचारायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. पहिला प्रश्न ऑथेंटिकेशनचा, म्हणजे ओळखीचा. दुसरा ऑथरायझेशनचा, म्हणजे परवानगीचा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत परवानगीतल्या चुका पहिल्या क्रमांकावर आहेत आणि ओळखीतल्या चुका सातव्या. आपण मात्र सगळा जीव लॉगिनच्या पानात ओततो.

तेच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून बांधू. सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालणारा एक्सप्रेस आणि डेटाबेस पोस्टग्रेस असं मी धरतो. जँगो, लाराव्हेल किंवा गो वापरत असाल तरी क्रम हाच. कोडचे आराखडे मराठीतच लिहितो, तुमच्या भाषेत उतरवायला अडचण येणार नाही. आपल्याकडे चार तऱ्हेची माणसं आहेत: सभासद, चिटणीस, खजिनदार आणि गेटवरचा वॉचमन. सभासदाला स्वतःची बिलं आणि पावत्या दिसाव्यात, खजिनदाराला सगळ्यांच्या, चिटणिसाला सभासदांची यादी बदलता यावी आणि वॉचमनला फक्त पाहुण्यांची नोंदवही उघडता यावी.

आधी क्रम, मग कोड

एक्सप्रेसमधलं मिडलवेअर म्हणजे तीन गोष्टी हातात घेणारं साधं फंक्शन: आलेली विनंती, द्यायचं उत्तर आणि 'पुढे' नावाचं बटण. ते फंक्शन एक तर उत्तर देऊन विषय संपवतं किंवा 'पुढे' दाबून विनंती पुढच्या फंक्शनकडे सरकवतं. दोन्ही केलं नाही तर ब्राउझर नुसता गोल गोल फिरत राहतो. दोन्ही केलं तर 'हेडर (उत्तराच्या माथ्यावर जाणारी माहिती) आधीच पाठवले आहेत' या अर्थाची एरर येते, जी प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेली असते. म्हणून नकार पाठवल्यावर फंक्शनमधून लगेच बाहेर पडायचं. खालच्या आराखड्यांत 'थांबा' लिहिलंय ते त्यासाठी.

मिडलवेअर ज्या क्रमाने नोंदवाल त्याच क्रमाने चालतं. सुरक्षेचा निम्मा भाग या एका वाक्यात आहे. माझ्या सर्व्हरवरचा क्रम असा:

```
१. सुरक्षेचे हेडर
२. विनंतीतला मजकूर वाचणे
३. सेशन (कोण आत आलंय याची सर्व्हरकडची नोंद)
४. ओळख लावा
५. उघडे रस्ते: लॉगिन, पासवर्ड विसरलो, सीएसएस (पानाची सजावट)
६. फाटक
७. बाकी सगळं: बिलं, पावत्या, नोंदवही, समिती
८. 'असं पान नाही'
९. एरर सांभाळणारं फंक्शन
```

सहाव्या ओळीकडे नीट बघा. बहुतेक शिकवण्यांत प्रत्येक रस्त्यावर वेगळं फाटक लावायला सांगतात: या पानाला लॉगिन हवं, त्या पानाला हवं. मग सहा महिन्यांनी घाईत नवं पान जोडलं जातं, फाटक लावायचं राहून जातं आणि ते पान जगाला उघडं पडतं. त्याऐवजी उघडे रस्ते बोटावर मोजून वर ठेवा आणि त्यांच्याखाली एकच फाटक टाका. आता विसरलात तर नवं पान बंद राहील. बंद पानाची तक्रार त्याच संध्याकाळी येते, उघड्या पानाची तक्रार कोणीच करत नाही.

याच क्रमाची दुसरी फसगत म्हणजे फाइलींचा फोल्डर. चित्रं आणि सीएसएस देणारी ओळ सगळ्यात वर असते आणि पावत्यांच्या पीडीएफही सोय म्हणून त्याच फोल्डरात जातात. तिथे ना ओळख, ना फाटक. पावत्या वेगळ्या फोल्डरात ठेवा, तो फोल्डर थेट उघडा करू नका आणि फाइल देण्याआधी ती कोणाची आहे हे तपासणाऱ्या फंक्शनमधूनच द्या.

पासवर्ड साठवण्याबद्दल, थोडं सविस्तर

२००९मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, ते जसेच्या तसे साठवलेले होते. २०१२मध्ये लिंक्डइनचे बाहेर पडले तेव्हा त्यांच्यावर एसएचए-१ हॅश होता, पण त्यात सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळायचा वेगळा यादृच्छिक तुकडा, नव्हतं. म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर हॅशही सारखा. शिवाय एसएचए घराणं वेगासाठी बनलेलं आहे आणि पासवर्डसाठी वेग हाच शत्रू. आपल्याला मुद्दाम संथ हॅश हवा.

बीक्रिप्ट १९९९पासून आहे आणि अजून टिकून आहे. त्यात एक खर्चाचा आकडा द्यावा लागतो. तो १२ ठेवला तर आतली फेरी २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६ वेळा फिरते आणि आकडा एकने वाढवला की वेळ दुप्पट होतो. नव्याने सुरुवात करत असाल तर आर्गॉन२आयडी घ्या. २०१५च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत आर्गॉन२ जिंकला होता आणि तो वेळेसोबत मेमरीही खातो, त्यामुळे पासवर्ड फोडायला वापरल्या जाणाऱ्या हजारो कोअरच्या ग्राफिक्स कार्डांना तो जड जातो. ओवॅस्पने सुचवलेली किमान मापं आहेत १९ एमबी मेमरी, २ फेऱ्या आणि १ धागा (थ्रेड). सॉल्ट दोन्ही लायब्ररी स्वतःच बनवतात आणि हॅशच्या ओळीतच ठेवतात, त्यासाठी वेगळा रकाना लागत नाही. नोडमध्ये हॅशचं थांबवून ठेवणारं (सिंक) रूप वापरू नका, नाहीतर एकाचं लॉगिन चालू असताना बाकी सगळा सर्व्हर ताटकळत बसतो.

बीक्रिप्टची एक खोड मराठी माणसाला जास्त लागते. ते पासवर्डचे पहिले ७२ बाइट घेतं आणि बाकीचे गुपचूप टाकून देतं. रोमन अक्षर एका बाइटचं असतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त तीन बाइटचं. नुसता 'नमस्कार' २१ बाइट खातो. एखाद्याने हौसेने 'मागच्या दारी पारिजातक आहे १९८७' असा पासवर्ड ठेवला, तर 'आहे'पर्यंत ६९ बाइट झाले, मोकळी जागा धरून ७०. उरलेल्या दोन बाइटांत '१' पुरता मावत नाही, आणि देवनागरीतल्या दहाही अंकांचे पहिले दोन बाइट एकसारखेच असतात. म्हणजे १९८७च्या जागी २०२४ टाकलं तरी दार उघडेल! गोच्या बीक्रिप्ट लायब्ररीत ७२ बाइटांपेक्षा लांब पासवर्ड दिला तर सरळ एरर येते, ते बरं. तुमची लायब्ररी गप्प बसत असेल तर लांबी अक्षरांत न मोजता बाइटांत मोजा. आर्गॉन२मध्ये ही भानगड नाही.

दुसरी गोष्ट युनिकोडची. 'दऱ्या' मधला ऱ एका कळफलकावर एकच चिन्ह म्हणून उमटतो, दुसऱ्यावर र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना सारखंच, बाइट मात्र वेगळे, म्हणून हॅशही वेगळा. मोबाइलवर ठेवलेला पासवर्ड लॅपटॉपवर चालत नाही आणि सभासद शपथेवर सांगतो की मी तोच टाकतोय. तो खरंच तोच टाकत असतो. हॅश करण्याआधी आणि पडताळण्याआधी मजकूर एनएफसी या प्रमाणरूपात आणा, एका ओळीचं काम आहे.

नियम फार लावू नका. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७च्या मार्गदर्शनातच सांगितलं होतं की किमान ८ अक्षरं मागा, एक कॅपिटल-एक अंक-एक चिन्ह ही सक्ती सोडा आणि दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका. त्याऐवजी सहज ओळखू येणाऱ्या पासवर्डांची यादी ठेवून ते नाकारा. आपल्याकडे त्या यादीत फ्लॅट नंबर आणि सोसायटीचं नाव हवंच. आणि कृपा करून सगळ्यांना सुरुवातीला 'फ्लॅट नंबर, पुढे १२३' असा पासवर्ड वाटू नका. निम्मे लोक तो कधीच बदलत नाहीत. एकदाच चालणारा दुवा पाठवा आणि पासवर्ड त्यांनाच ठेवू द्या.

लॉगिनचा रस्ता

ओळख म्हणून मोबाइल नंबर घेतला. ईमेल अनेक ज्येष्ठ सभासदांकडे नसतो, किंवा असतो पण नातवाला माहीत असतो. नंबर साठवताना देशाच्या कोडसह एकाच साच्यात आणा. सुरुवातीचा शून्य, मधल्या मोकळ्या जागा, आडव्या रेघा काढून टाका. सरसकट १० आकडे धरून चाललात तर दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारे फ्लॅटमालक पहिल्याच दिवशी बाहेर अडकतील. खालच्या आराखड्यातले आकडे सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणारे ठरलेले संकेत आहेत: ४०० म्हणजे विनंतीच चुकीची, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४२९ म्हणजे फार विनंत्या.

```
लॉगिन(विनंती, उत्तर):
    मोबाइल आणि पासवर्ड दोन्ही मजकूरच आहेत ना? नाहीतर ४००, थांबा
    मोबाइल = एका साच्यात आणा(मोबाइल)
    पासवर्ड = एनएफसी(पासवर्ड)
    फार प्रयत्न झाले असतील: ४२९, थांबा
    सभासद = शोधा(मोबाइल)
    हॅश = सभासद सापडला तर त्याचा, नाहीतर खोटा हॅश
    जुळलं = पडताळा(हॅश, पासवर्ड)
    सभासद नाही, किंवा जुळलं नाही, किंवा खातं बंद:
        ४०१ "मोबाइल किंवा पासवर्ड चुकला", थांबा
    सेशन नव्याने बनवा
    सेशनमध्ये सभासदाचा क्रमांक ठेवा
    सेशन जतन झालं की बिलांच्या पानाकडे वळवा
```

खोटा हॅश कशाला? सभासद सापडला नाही म्हणून लगेच नकार दिला तर उत्तर क्षणात जातं. सापडला तर हॅश पडताळायला पाव सेकंद लागतो. हा फरक मोजणाऱ्याला कोणता नंबर तुमच्याकडे नोंदलेला आहे ते कळतं, तुम्ही संदेश कितीही सारखा ठेवा. म्हणून एक हॅश आधीच बनवून ठेवायचा आणि अनोळखी नंबरसाठीही तेवढीच मेहनत करायची.

'सेशन नव्याने बनवा' ही ओळ अनेक जण गाळतात. लॉगिनच्या आधीचाच सेशन क्रमांक लॉगिननंतरही चालू राहिला, तर ज्याने आधीच तो क्रमांक तुमच्या ब्राउझरमध्ये पेरून ठेवलाय तो तुमच्यासोबत आत येतो. पासपोर्ट ही नोडमधली लोकप्रिय लायब्ररीसुद्धा २०२२च्या ०.६ आवृत्तीपासून हे आपणहून करू लागली. आणि वळवण्याआधी सेशन जतन होऊ द्या, नाहीतर पुढचं पान सेशनच्या आधी पोचतं आणि सभासद पुन्हा लॉगिनच्या पानावर येऊन आदळतो.

किती प्रयत्नांनंतर थांबवायचं? नुसत्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, मोजू नका. क्लबहाउसच्या वायफायवर बसलेले सगळे एकाच आयपीने येतात, मोबाइल कंपन्यांकडूनही हजारो ग्राहक एकाच आयपीआडून येतात. नुसत्या खात्यावरून मोजून खातं बंद केलंत तर एखादा खोडसाळ शेजारी रोज सकाळी पाच चुकीचे पासवर्ड टाकून खजिनदारालाच बाहेर ठेवेल. मी खात्यामागे वाढता उशीर लावतो, म्हणजे पाच चुकांनंतर एक मिनिट, मग दोन, मग चार. आयपीवर बरीच सैल मर्यादा ठेवतो. ही मोजणी हॅशच्या आधी करायची, नाहीतर संथ हॅश हाच तुमच्या सर्व्हरला दमवण्याचा मार्ग होतो.

सेशन की जेडब्ल्यूटी?

सोसायटीच्या सर्व्हरला सेशन. माझं मत ठाम आहे.

जेडब्ल्यूटी म्हणजे सही केलेली चिठ्ठी. 'हा अमुक सभासद, खजिनदार आहे, संध्याकाळपर्यंत वैध' असं लिहून सर्व्हर सही करतो आणि पुढे डेटाबेसला न विचारता त्या सहीवर विश्वास ठेवतो. अनेक वेगवेगळ्या सर्व्हरांनी एकमेकांना न विचारता ओळख मान्य करायची असेल तिथे हे फार कामाचं. पण दिलेली चिठ्ठी परत घेता येत नाही. निवडणुकीत खजिनदार बदलला, फ्लॅट विकला गेला, फोन रिक्षात राहिला: सर्व्हरला हे सगळं कळलेलं असलं तरी चिठ्ठी मुदत संपेपर्यंत चालतेच. मग रद्द केलेल्या चिठ्ठ्यांची यादी ठेवावी लागते, ती दर वेळी तपासावी लागते, आणि फिरून आपण सेशनलाच येऊन पोचतो. जेडब्ल्यूटी वापरणारच असाल तर सहीची पद्धत सर्व्हरने ठरवलेली असावी. २०१५मध्ये अनेक लायब्ररींत सापडलं होतं की चिठ्ठीतच 'सहीची पद्धत: काही नाही' असं लिहिलं की त्या बिनसहीची चिठ्ठी मान्य करत होत्या.

सेशनमध्ये ब्राउझरकडे फक्त एक यादृच्छिक क्रमांक कुकीत (ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत) जातो, बाकी माहिती सर्व्हरकडे. एक्सप्रेसच्या सेशन लायब्ररीची मुळातली साठवण मेमरीत असते आणि ती खऱ्या वापरासाठी नाही असं तिचे लेखकच सांगतात: सर्व्हर बंद-चालू केला की सगळे बाहेर, आणि मेमरी हळूहळू भरत जाते. पोस्टग्रेस आहेच, त्यातच सेशनचं टेबल करा. 'रीसेव्ह' आणि 'सेव्ह अनइनिशियलाइज्ड' हे दोन्ही पर्याय बंद ठेवा, म्हणजे नुसतं डोकावून जाणाऱ्या प्रत्येकासाठी टेबलात ओळ तयार होणार नाही.

कुकीला तीन खुणा हव्यात. 'एचटीटीपी-ओन्ली'मुळे पानातल्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही, 'सिक्युअर'मुळे ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते आणि 'सेम-साइट' लॅक्स ठेवलं की दुसऱ्या साइटवरून पोस्ट केलेल्या फॉर्मसोबत ती जात नाही. क्रोम २०२०पासून लॅक्स गृहीत धरतो, तरी तुम्ही स्पष्ट लिहा. त्याच्या जोडीला एक शिस्त: वाचण्याच्या विनंतीने, म्हणजे 'गेट' (GET) पद्धतीने, काहीही बदलता कामा नये, कारण लॅक्स कुकी साध्या दुव्यावरून येणाऱ्या गेटसोबत जाते. लॉगआउटसुद्धा 'पोस्ट' (POST) या बदल करण्यासाठीच्या पद्धतीनेच. बदल करणाऱ्या विनंत्यांत 'ओरिजिन' हेडर आपल्याच पत्त्याचा आहे का तेही एका छोट्या मिडलवेअरने बघून घ्या.

'सिक्युअर' लावल्यावर हमखास येणारी डोकेदुखी अशी: घरच्या लॅपटॉपवर लॉगिन चालतं, खऱ्या सर्व्हरवर पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनचंच पान. एररही नाही. कारण एचटीटीपीएस पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या मधल्या सर्व्हरपाशी संपतं आणि एक्सप्रेसला विनंती साध्या एचटीटीपीने पोचते, त्यामुळे सेशन लायब्ररी सिक्युअर कुकी पाठवायचीच नाही असं ठरवते. एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी' १ करा आणि एनजिनएक्सला 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर पाठवायला सांगा. सिक्युअर काढून टाकणं हा उपाय नाही, जरी इंटरनेटवर तोच सगळ्यात आधी सापडतो.

ओळख, फाटक, परवानगी: तीन वेगळी फंक्शनं

```
ओळख लावा(विनंती, उत्तर, पुढे):
    विनंती.सभासद = रिकामं
    सेशनमध्ये क्रमांक असेल तर:
        विनंती.सभासद = चालू खातं आणा(क्रमांक), परवानग्यांसह
    पुढे

फाटक(विनंती, उत्तर, पुढे):
    विनंती.सभासद रिकामं असेल:
        पान मागितलं तर लॉगिनकडे वळवा, एपीआय असेल तर ४०१
        थांबा
    पुढे

परवानगी हवी(काम):
    हे फंक्शन परत द्या (विनंती, उत्तर, पुढे):
        सभासदाच्या परवानग्यांत हे काम नसेल: ४०३, थांबा
        पुढे
```

पहिलं कोणालाच अडवत नाही, फक्त माणूस ओळखून विनंतीला चिकटवतं. त्यामुळे लॉगिनच्या पानालाही कळतं की हा आधीच आत आहे. दुसरं अनोळख्याला अडवतं. तिसरं ओळखीच्याला त्याच्या कामापुरतंच आत सोडतं. ४०१ आणि ४०३ची गल्लत करू नका: ४०१ म्हणजे 'आधी ओळख सांगा', ४०३ म्हणजे 'ओळखलं, पण हे तुमच्यासाठी नाही'. ४०१चं अधिकृत इंग्रजी नाव मात्र 'अनऑथराइज्ड' आहे, आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते.

लॉगिनकडे वळवताना 'परत कुठे जायचं' हे पत्त्यात ठेवलंत तर ते आपल्याच साइटवरचं आहे का ते तपासा. एका तिरक्या रेघेने सुरू होणारा रस्ता आपला. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा दुसऱ्याच साइटवर नेतो. उलट्या तिरक्या रेघाही काही ब्राउझर तशाच समजतात, त्या असतील तर रस्ता फेकून द्या आणि मुख्य पानावर पाठवा.

परवानगीचं नाव भूमिकेवरून न ठेवता कामावरून ठेवा. रस्त्यावर 'खजिनदार हवा' असं न लिहिता 'सगळी बिलं पाहणे' असं लिहा, आणि कोणत्या भूमिकेकडे कोणती कामं आहेत ते एका टेबलात ठेवा. उद्या समितीने ठरवलं की लेखापरीक्षकाला महिनाभर सगळी बिलं दिसावीत, तर टेबलात एक ओळ वाढते आणि कोडला हात लागत नाही. एकाकडे अनेक भूमिका असू शकतात, कारण खजिनदार हा आधी सभासदच असतो. भूमिकेला 'पासून' आणि 'पर्यंत' तारखा द्या, मग निवडणुकीनंतर जुन्या समितीच्या परवानग्या कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाहीत. आणि भूमिका सेशनमध्ये कोरून ठेवू नका, दर विनंतीला डेटाबेसमधून आणा. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला तेवढ्या एका क्वेरीचा खर्च जाणवतही नाही.

एक बारीक पण घातक जागा: डेटाबेस बंद पडला तर काय? 'ओळख लावा'मध्ये एरर पकडून नुसतं 'पुढे' दाबलंत तरी फाटकापाशी सभासद रिकामा दिसेल, म्हणून वाचाल. पण तेच 'परवानगी हवी'च्या आत केलंत तर डेटाबेस पडल्यावर सगळे खजिनदार. एरर आली की ती एररच म्हणून शेवटच्या फंक्शनकडे पाठवा. एक्सप्रेस ४मध्ये असिंक फंक्शनमधली एरर आपोआप तिकडे जात नाही, हाताने पकडून द्यावी लागते. एक्सप्रेस ५मध्ये जाते.

३०३चं बिल

आता मूळ दुखण्याकडे. हे बिल या सभासदाचं आहे का, हे वरच्या तिन्ही फंक्शनांना कळूच शकत नाही, कारण त्यांनी बिल पाहिलेलंच नसतं. ही तपासणी डेटाबेसच्या क्वेरीतच करा. 'क्रमांक ३०३चं बिल आणा' असं न विचारता 'क्रमांक ३०३ असलेलं आणि या सभासदाच्या फ्लॅटांपैकी एखाद्याचं बिल आणा' असं विचारा. एकही ओळ आली नाही तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', द्या. इथे ४०३ दिलंत तर ते बिल अस्तित्वात आहे एवढं तरी कळतंच.

खजिनदारासाठी दुसरा रस्ता ठेवा, समितीच्या पत्त्याखाली, 'सगळी बिलं पाहणे' ही परवानगी लावून. एकाच फंक्शनमध्ये 'खजिनदार असेल तर ही अट गाळा' असं लिहायचा मोह होतो. मी तो एकदा केला आणि आठवड्याभरात त्याच अटीत दोन अपवाद आले.

कोणी सांगेल की १, २, ३ असे क्रमांक सोडून लांबलचक यूयूआयडी वापरा, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही. जरूर वापरा, पण तेवढ्यावर विसंबू नका. सभासद बिलाचा दुवा व्हॉट्सॲपवर टाकतात, तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो.

मालकीची तपासणी डेटाबेसपाशी असण्याचा आणखी एक फायदा मार्च २०२५मध्ये ठळकपणे दिसला. नेक्स्ट जेएसमध्ये अशी त्रुटी सापडली की फ्रेमवर्कने स्वतःच्या आतल्या कामासाठी ठेवलेला एक हेडर बाहेरून पाठवला की मिडलवेअर चालायचंच नाही. ज्यांची सगळी राखण मिडलवेअरवर होती त्यांची दारं सताड उघडी पडली. ज्यांनी माहिती आणतानाही माणूस तपासला होता त्यांची माहिती वाचली.

पासवर्ड विसरलो, आणि बाकी किरकोळ

विसरलेल्या पासवर्डसाठी ३२ बाइटचं यादृच्छिक टोकन बनवा, डेटाबेसमध्ये त्याचा हॅश ठेवा, मुदत अर्धा तास, एकदा वापरलं की संपलं. इथे एसएचए-२५६ चालतो, कारण टोकनचा अंदाज बांधता येत नाही. नंबर नोंदलेला असो वा नसो, संदेश तोच: 'नंबर नोंदलेला असेल तर दुवा पाठवला आहे.' पासवर्ड बदलला की त्या सभासदाची सगळी जुनी सेशनं काढून टाका. लॉगमध्ये कोण, कधी, कुठून आत आलं ते लिहा, पासवर्ड आणि टोकन चुकूनही नको. पाहुण्यांच्या नोंदवहीत लोकांची नावं आणि नंबर असतात, त्या ओळी ठरावीक दिवसांनी पुसून टाका. जे ठेवलंच नाही ते फुटत नाही.

तपासणी

सर्व्हर चढवण्याआधी एक तक्ता करा. आडव्या ओळीत माणसं: अनोळखी, ३०२चा सभासद, वॉचमन, खजिनदार, कालपर्यंत खजिनदार असलेला सभासद. उभ्या रकान्यात सर्व्हरवरचे सगळे रस्ते. ते हाताने आठवून न लिहिता एक्सप्रेसकडून काढून घ्या, कारण विसरलेलाच रस्ता आपल्याला हवा असतो. प्रत्येक चौकोनात अपेक्षित आकडा लिहा: २०० (सगळं ठीक), ४०१, ४०३ किंवा ४०४. मग हा तक्ता चालवणारी चाचणी लिहा, प्रत्येक माणसाच्या नावाने लॉगिन करून प्रत्येक रस्ता ठोठावणारी. तक्त्यात नसलेला रस्ता सापडला तरीही चाचणी नापास झाली पाहिजे.

माझ्या सर्व्हरवर हा तक्ता पहिल्यांदा चालवला तेव्हा आठ चौकोन लाल आले. वॉचमनला सभासदांची यादी दिसत होती आणि कालपर्यंतच्या खजिनदाराला पावती रद्द करता येत होती. आता चाचणीची पहिली ओळ आहे: '३०२चा सभासद ३०३चं बिल मागतो, ४०४ अपेक्षित.' ती हिरवी झाल्याशिवाय नवी आवृत्ती सर्व्हरवर चढतच नाही.